वेधशाळा हलली, नोंद तुटली नाही

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळ एक चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात रात्रंदिवस होणारे सूक्ष्म बदल तेथे नोंदले जातात. ही वेधशाळा सुरू झाली १९०४ साली; पण तिची नोंद त्याहून जुनी आहे. मुंबईत कुलाब्याला ती १८४१ साली सुरू झाली. जागा बदलूनही नोंद अखंड राहिली. हे कसे साधले?

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरले. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. ट्राम धावू लागल्या, की कुलाब्याची नाजूक उपकरणे पृथ्वीऐवजी ट्रामचेच बदल दाखवणार! म्हणून डॉ. नानाभाई मूस संचालक असताना अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला.

मग कुलाब्याचे काम लगेच थांबवले काय? नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणचे आकडे सारखे नसतात. पण त्यांतील फरक कळला, की जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता येते. म्हणूनच २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याला नोंदलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची तुलना शास्त्रज्ञ आजच्या वादळांशी करू शकतात.

संगणकापुढेही हीच अडचण येते. चालू आज्ञावलीत दोन गोष्टी असतात : काम कसे करायचे याच्या सूचना आणि काम कुठवर आले याची आठवण. या आठवणीला ‘स्थिती’ म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो संभाषणे चालू असतात. सूचना सुधारण्यासाठी यंत्र बंद केले, तर सारी संभाषणे तुटतील.

यावर स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ‘अरलँग’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात आज्ञावलीच्या एकाच भागाच्या जुन्या व नव्या अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी राहू शकतात. चालू कामे योग्य टप्प्यावर नव्या आवृत्तीत जातात. नवी कामे नव्या आवृत्तीतच सुरू होतात.

मात्र स्थितीचे रूपांतर करावे लागते. समजा, जुनी आज्ञावली संभाषणाचा वेळ मिनिटांत मोजते आणि नवी सेकंदांत. जुना ‘४’ तसाच दिला, तर चार मिनिटांची चार सेकंदे होतील! तो ‘२४०’ करूनच द्यायला हवा. कुलाबा व अलिबाग यांतील फरक काढला तो याचसाठी.

तुमच्या शाळेतील पर्जन्यमापक बदलायचा आहे काय? मग पावसाळ्यात काही आठवडे जुना व नवा शेजारीशेजारी ठेवा. दोन्ही रोज वाचा आणि फरक वहीत लिहा. मगच जुना काढा.