बावड्यातून सरळ पश्चिमेला

कोल्हापूरचा कसबा बावडा साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथल्या राजाराम बंधाऱ्यावर उभं राहून तोंड पश्चिमेला करायचं आणि अक्षांश न सोडता नाकासमोर चालत सुटायचं, असं कुणी मनावर घेतलं, तर सुमारे १०० किलोमीटरवर राजापूर तालुक्यात, कशेळी-आडिवऱ्याच्या आसपास समुद्र लागतो. तिथं न थांबता तसंच पुढं गेलं की अरबी समुद्र, ओमान-येमेनची सीमा, तांबडा समुद्र, इरिट्रिया, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया, मग अटलांटिकमधलं केप व्हर्देचं साल हे बेट. त्यानंतर मात्र नुसतं पाणी. शेवटी बावड्यापासून साडेचौदा हजार किलोमीटरवर जमीन दिसते ती माँटसेराटची. हे कॅरिबियन बेट आहे आणि तेही १६.७ अंशांवरच.

अक्षांश एक म्हणजे ऊन एक. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेर कोल्हापुरात भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. तिकडे सुमारे नऊ तासांनी तोच सूर्य तसाच डोक्यावर येतो आणि माँटसेराटच्या माणसाची सावली गिळतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा. म्हणजे ज्या उन्हात अंग शेकायला लोक लाखो रुपये मोजतात, ते ऊन बावड्यात फुकट आहे. इथं त्यात भांगलण चालते, एवढाच फरक.

मराठी माणसाच्या कानावर कॅरिबियनची ही बेटं पडली ती क्रिकेटमुळे. १९७१ साली वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरात हरवलं आणि गावसकरांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्याआधी ‘वेस्ट इंडिज’ हा भूगोलाच्या पुस्तकातला एक ठिपका होता. आता तो हनिमूनच्या जाहिरातीतला फोटो झालाय: पांढरी वाळू, दोन आरामखुर्च्या, दोन ग्लास. जमैकातल्या माँटेगो बे इथं १९८१ साली ‘सँडल्स’नं फक्त जोडप्यांसाठी रिसॉर्ट काढलं, तेव्हापासून ‘दोघंच, आणि काहीही करायचं नाही’ हा तिथला मोठा धंदा आहे. आज कॅरिबियनमध्ये मुक्कामाला येणारे पाहुणे वर्षाला तीन कोटींच्या वर जातात.

आता बावड्यातलं ऊसवालं एक जोडपं तिथं सात रात्री राहायला निघालंय असं धरू. खरं कुणी नाही, हिशेबापुरतं. जेवण-खाणं धरून दोघांचं एका रात्रीचं भाडं ४०० डॉलर, म्हणजे ३५ हजार रुपये समजू. याहून महागडी रिसॉर्टं पुष्कळ आहेत. रुपयांचा आकडा मात्र अंगाला लागत नाही. बावड्यात पैसा खरा कळतो तो टनात. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. कोल्हापूरचा उतारा जास्त, म्हणून दर वर चढतो. तोडणी-वाहतूक वजा झाली की पुन्हा खाली येतो. सोयीसाठी साडेतीन हजार धरू. मग एक रात्र म्हणजे दहा टन ऊस. एकरी चाळीस टन पिकवणारा शेतकरी चांगला समजला जातो, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे गुंठ्याला एक टन. त्या खोलीत एकदा झोपून उठलं की दहा गुंठे संपले.

“आवो, मग दुपारी झोपल्यावर किती गेलं?” असं घरची मालकीण विचारणारच. दोन तासांची वामकुक्षी म्हणजे ८३३ किलो. घोरत असला तरी तेवढीच.

सात रात्रींचे ७० टन झाले. दोघांचं जाण्यायेण्याचं विमानभाडं तीन लाख धरलं तर आणखी ८६ टन. बेरीज १५६ टन, जवळजवळ चार एकरांचं अख्खं पीक. यात लागणीचा खर्च, खतं, सोसायटीचं कर्ज काहीच वजा केलेलं नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यात बहुतेकांची जमीन मुळात अडीच एकरांच्या आत आहे. बरं, हे चार एकर पाण्याशिवाय उगवत नाहीत. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी लागतं असं धरलं तर एकराला ऐंशी लाख लिटर, टनाला दोन लाख लिटर. म्हणजे त्या सुट्टीमागं ३ कोटी १२ लाख लिटर पाणी उभं आहे. ज्या निळ्याशार तलावात हे जोडपं डुंबणार, तो पाच लाख लिटरचा असला तर साठाहून जास्त वेळा भरेल इतकं. ठिबक असेल तर आकडा बराच खाली येईल, हे कबूल.

आणि साखर? बारा टक्के उताऱ्यानं १५६ टनांची १८.७ टन, म्हणजे पन्नास किलोची ३७४ पोती. एक मिलिमीटरचा दाणा धरला तर किलोत सव्वासहा लाखांच्या आसपास दाणे बसतात. ३७४ पोत्यांत ११०० कोटींच्या वर दाणे होतात. जगातल्या प्रत्येक माणसाच्या जिभेवर एकेक ठेवला तरी तीनेकशे कोटी उरतील.

उसाचा हा हिशेब मी उगाच लावलेला नाही. ती बेटं आज जशी आहेत तशी उसानंच घडवली. सतराव्या शतकात बार्बाडोसमध्ये ऊस लागला आणि बघता बघता सगळं बेट मळा झालं. बार्बाडोस ४३० चौरस किलोमीटरचं, कोल्हापूर जिल्ह्यात सतरा वेळा मावेल एवढं. त्या एवढ्याशा जमिनीवर आफ्रिकेतून सुमारे पाच लाख माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. १८३४ साली इंग्रजांनी गुलामी कायद्यानं संपवली तेव्हा तिथं मोजणीत जिवंत गुलाम भरले सुमारे ८३ हजार. काहींना मधल्या काळात इतर बेटांवर विकलं गेलं हे धरूनही हा आकडा वाचताना घशात अडकतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या मुलंबाळं होऊनही तो पाच लाखांच्या पाव हिश्श्यापर्यंत पोचत नाही. अटलांटिकपार सगळीकडे मिळून सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली अठरा लाख वाटेतच मेली.

गुलाम सुटल्यावर मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ते भारतातून गेले. १८३८ पासून १९१७ पर्यंत पाच लाखांच्या आसपास भारतीय करारावर कॅरिबियनला उतरले, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. आपल्याकडे बीड-धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की माघारी जातात. कॅरिबियनला गेलेल्या त्या टोळीतले बरेच जण माघारी आलेच नाहीत. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथली पुढारी, डॉक्टर, क्रिकेटपटू आहेत.

पुढं साखर तिथून उठली. सेंट किट्सनं साडेतीनशे वर्षं ऊस पिकवला आणि २००५ साली शेवटचा हंगाम करून कारखाना बंद केला. आता पाहुणे हेच पीक. सगळ्यात मोठी गोष्ट क्यूबाची. १९७० साली फिडेल कॅस्ट्रोंनी एका हंगामात एक कोटी टन साखर काढायची शपथ घेतली. कारकून, विद्यार्थी, सैनिक, सगळ्यांना कोयता देऊन फडात उतरवलं. अख्खा देश त्या आकड्यामागं धावला. निघाली ८५ लाख टन. महाराष्ट्रानं २०२१-२२ च्या हंगामात १३७ लाख टन काढली, आणि त्या वर्षी इथली तक्रार होती ती फडात ऊस शिल्लक राहिल्याची. क्यूबाला देश पणाला लावूनही जो आकडा गाठता आला नाही, तो आपण सहज ओलांडला आणि वर चिडचिड केली. आज क्यूबाचं उत्पादन काही लाख टनांच्याही खाली घसरलंय.

जाहिरातीच्या त्या फोटोतला किनारा स्वच्छ दिसतो, त्यालाही आकडे आहेत. २०११ पासून अटलांटिकमध्ये सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ पट्ट्यापट्ट्यानं वाढतंय. २०१८ मध्ये तो पट्टा आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर लांब आणि दोन कोटी टनांहून जड भरला. कोल्हापूर विभागातले सगळे कारखाने चांगल्या हंगामात गाळतात तेवढाच हा माल, फक्त बिनकामाचा आणि कुजल्यावर सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. मे २०२५ मध्ये तो पावणेचार कोटी टनांवर गेला. पाहुणे उठायच्या आत रिसॉर्टची माणसं तो ट्रॅक्टरनं उचलून नेतात. पांढऱ्या वाळूतली बरीचशी वाळू पोपटमाशांची विष्ठा असते. हा मासा प्रवाळ कुरतडतो आणि न पचलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू टाकतो. प्रेमी युगुलांना हे कुणी सांगत नाही, ते बरंच आहे.

माँटसेराटवर तर तसा पांढरा किनारा जवळपास एकच, बाकी वाळू काळी. १९९५ साली तिथला सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला. राजधानीचं प्लिमथ शहर राखेखाली गेलं आणि दोनतृतीयांश माणसं बेट सोडून गेली. आज चार-साडेचार हजार उरलेत. २०२४ साली पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज एका फेरीला ७,६०० पर्यंत प्रवासी आणि २,३५० खलाशी-नोकर घेऊन कॅरिबियनमध्ये हिंडतं. अक्षांशानं बावड्याचं सख्खं असलेलं ते बेट त्या एका जहाजात दोनदा बसेल.

म्हणून मी त्या जोडप्याला सांगीन, १०० किलोमीटरवर थांबा. गाडीरस्त्यानं तारकर्ली किंवा गणपतीपुळे दीडशेच्या आसपास पडतं. दोन रात्री, पेट्रोल, सुरमईचं ताट आणि सोलकढी धरून पंधरा हजार, म्हणजे सव्वाचार टन. सव्वाचार गुंठ्यांत उरकलं.

आणि मोठे आकडे तिथंही कमी नाहीत. वाटेवरचा गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर. कोल्हापुरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, तिथं सहा हजारांच्या घरात. त्यातला घाटाच्या अलीकडं पडलेला पाऊस समुद्राच्या इतक्या जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवतो. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती होऊन पंचगंगेत येतो, बावड्याच्या बंधाऱ्यावरून जातो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतो आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र पार करून बंगालच्या उपसागराला जातो. माणसं दोन दिवसांसाठी पश्चिमेच्या समुद्राला आणि त्यांचं पाणी हजारावर किलोमीटर चालून पूर्वेच्या. २०१९ मध्ये हेच पाणी पुढं सरकेना तेव्हा बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर उभं राहिलं होतं.

करूळ घाट उतरला की बावड्याची साडेपाचशे मीटर उंची संपते आणि हवा पाच-सहा टक्क्यांनी दाट होते. किनाऱ्यावर ‘एकदम फ्रेश वाटतंय’ म्हणतात त्यात तिचा वाटा असेल, माशांचाही असेल. कॅरिबियनचा समुद्र भरती-ओहोटीत बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही हलत नाही, त्यामुळे खुर्ची मांडली की मांडली. कोकणात उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि सपाट पुळणीवर शंभर मीटर मागं-पुढं होतं, म्हणून खुर्ची सहा तासांत उचलावीच लागते. आठ सेकंदांना एक लाट धरली तर एका दिवस-रात्रीत १०,८०० लाटा. त्यातल्या पहिल्या वीसच कुणी मोजतं.

किनारा किती लांब, हाही गमतीचा प्रश्न आहे. भारताचा किनारा वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर शिकवला गेला. अलीकडं जास्त बारीक नकाशावर पुन्हा मोजला तर ११,०९८ भरला. महाराष्ट्राचा ६५२ चा ८७७ झाला. जमीन इंचभर वाढलेली नाही. खाडीचं प्रत्येक वळण मोजायला लागलं की पट्टी लांबतच जाते. कॅरिबियनमधले अँटिग्वावाले आमच्याकडे ३६५ किनारे आहेत, दिवसाला एक, असं सांगतात ते याच हिशेबानं.

वाळूचा दाणा अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर एका घनमीटरात ८०० कोटी बसतात, जवळपास जगाची लोकसंख्या. घर बांधलेल्या बावडेकराला घनमीटर कळायचा नाही, ब्रास कळेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २,२६५ कोटी दाणे, पावणेतीन जगं. परतताना गाडीच्या मॅटवर, चपलेत आणि पिशवीच्या शिवणीत जे मूठभर येतं त्यात चारेक लाख.

अडचण एवढीच की तारीख ठरत नाही. ऊस तोडीला आला असला तरी पाळी कारखान्याच्या हातात आणि टोळी मुकादमाच्या. तोडीची स्लिप नोव्हेंबरात निघेल की मार्चात, कुणी सांगत नाही, आणि तोड सुरू झाल्यावर फड सोडून जाता येत नाही. म्हणून खोलीचे आगाऊ पैसे भरण्याआधी मुकादमाला फोन लावावा.