शस्त्राचें लाघव आणि हाताचें लाघव

माझी पुतणी डॉक्टर आहे. रात्रपाळी आटोपून परततांना रस्त्यावर कोणी दोनदां तिचा पाठलाग केला. गेल्या महिन्यांत तिनें मला विचारलें, "काका, पर्समध्यें मावेल असें रिव्हॉल्व्हर घ्यावें काय?" प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. म्हणून आम्हीं दोघांनीं त्या वस्तूची रीतसर परीक्षा केली. ती वाचकांपुढें ठेवितों.

तिच्या मनांत 'निर्भीक' होतें. दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, २०१४ सालीं, कानपूरच्या सरकारी कारखान्यानें ०.३२ बोरचें हें छोटें रिव्हॉल्व्हर स्त्रियांना डोळ्यांपुढें ठेवून काढलें. वजन सुमारें ५०० ग्रॅम. त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये.

प्रथम गुण पाहूं. रिव्हॉल्व्हरची रचना सरळ असते. एखादें काडतूस उडालें नाहीं, तर पुन्हा चाप ओढतांच चक्र फिरून पुढचें काडतूस नळीसमोर येतें. घाबरलेल्या माणसास ही मोठीच सोय होय.

परंतु जें वाहण्यास सोपें, तें चालविण्यास कठीण. गोळी पुढें जाते तितक्याच संवेगानें शस्त्र मागें येतें, हा न्यूटनचा नियम आम्हीं वर्गांत शिकविला. तीच गोळी एक किलोच्या शस्त्राऐवजीं अर्ध्या किलोच्या शस्त्रांतून सोडली, तर धक्क्याचा वेग दुप्पट होतो. नेमाचेंही तसेंच. नेम धरण्याच्या दोन खुणांमध्यें २० सेंटिमीटर अंतर असतां एक मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरांवर गोळी ५ सेंटिमीटर चुकते. अंतर १० सेंटिमीटर असेल, तर १० सेंटिमीटर चुकते. त्यांत चाप जड असला, म्हणजे तो ओढतांनाच हात हलतो.

नंतर आम्हीं घरांतच एक प्रयोग केला. तिच्या पर्समध्यें माझें चष्म्याचें घर ठेविलें व मी ओसरीच्या दुसऱ्या टोकापासून झपझप चालत निघालों. माझें वय साठीपलीकडचें. तरी रुमाल, किल्ल्या व डबा बाजूला सारून तें घर तिच्या हातीं येण्यापूर्वींच मी तिच्यापाशीं पोहोंचलों. ती हसली नाहीं. मीही हसलों नाहीं.

कायद्याचें सांगावयाचें तर, १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाप्रमाणें परवाना हवा व वय किमान २१ वर्षें हवें. २०१६ च्या नियमांनीं सुरक्षिततेचें शिक्षणही आवश्यक केलें. सार्वजनिक जागीं शस्त्र योग्य आवरणांत, पूर्णपणें झांकलेलें व आपल्या ताब्यांत असलें पाहिजे. आणि घरीं आल्यावर? आमच्याकडे दोन नातवंडें आहेत. आजीच्या फडताळांतील लाडूंचा डबाही त्यांच्यापासून लपत नाहीं. तेव्हां गोळ्या वेगळ्या व शस्त्र पक्क्या कुलुपांत, हा नियम एक दिवसही मोडून चालणार नाहीं.

संस्कृतांत 'लाघव' म्हणजे हलकेपणा, आणि 'लाघव' म्हणजे हाताची चपळाईही. पहिलें पैसे देऊन मिळतें. दुसरें सरावावांचून मिळत नाहीं. मी पुतणीस घे म्हटलें नाहीं, नको असेंही म्हटलें नाहीं. वर्षभर नियमानें नेमबाजी शिकण्याची तयारी असेल तरच अर्ज कर, एवढेंच सांगितलें. तिनें नेमबाजीच्या वर्गाची चौकशी चालविली आहे. आणि रात्रीं घरीं पोहोंचविण्यास वाहन मिळावें, अशी लेखी मागणी सहकारी स्त्रियांसह वरिष्ठांकडे केली आहे. वाहनाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तोंवर तिचा भाऊ रोज रात्रीं तिला आणावयास जातो.