प्रश्न कोणी विचारायचा?

लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधले एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन हे दोन संशोधक १९६०च्या दशकात अपंगांच्या निवासगृहांचा अभ्यास करू लागले. हा अभ्यास व्हावा ही मागणी मुळात रहिवाशांचीच होती. हॅम्पशायरमधल्या 'ल कोर्ट' या निवासगृहात राहणारे पॉल हंट आणि त्यांचे सोबती तिथल्या व्यवस्थापनाशी झगडत होते. आपल्या रोजच्या जगण्याचे निर्णय घेताना आपल्यालाही विचारले जावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बाहेरचे तज्ज्ञ येतील, परिस्थिती पाहतील आणि आपली बाजू मांडतील, अशी त्यांना आशा होती. १९७२ साली त्या अभ्यासाचे 'अ लाइफ अपार्ट' हे पुस्तक निघाले. समाजाने या माणसांना मेल्यातच जमा केले आहे, तेव्हा प्रत्यक्ष मरणापर्यंतची त्यांची वाट सुसह्य करणे हेच अशा संस्थांचे काम, असा त्याचा रोख होता.

हंट संतापले. पुढे लिहिलेल्या एका लेखात त्यांनी अशा संशोधकांना बांडगुळे म्हटले. त्यांचा आक्षेप नुसता निष्कर्षावर नव्हता. जुलूम करणारा आणि सोसणारा यांच्या मधोमध तटस्थपणे उभे राहण्याचा आव आणणारा अभ्यासक शेवटी बलवानाच्याच बाजूला जातो, हे त्यांना दाखवायचे होते. त्याच १९७२ साली त्यांनी 'गार्डियन' वृत्तपत्रात पत्र लिहून देशभरच्या अपंगांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून 'यूपियास' ही संघटना उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आलेले मानसशास्त्रज्ञ व्हिक फिंकेलस्टाइन तिच्यात सामील झाले. पाय न चालणे ही शरीराची मर्यादा आहे. पण त्या माणसाला शाळेत, कचेरीत, बसमध्ये शिरता येऊ नये ही समाजाने लादलेली गोष्ट आहे आणि अपंगत्व म्हणायचे ते हिलाच. ही मांडणी 'यूपियास'ने १९७६ साली पुस्तिकेतून छापली. माइक ऑलिव्हर यांनी पुढे तिला 'सोशल मॉडेल' हे नाव दिले. वयाच्या सतराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात सूर मारताना ऑलिव्हर यांची मान मोडली होती. अपंगत्व-अभ्यास या विषयाचे ब्रिटनमधले पहिले प्राध्यापक तेच झाले.

यॉर्कशायरमधल्या लीड्स विद्यापीठातले 'सेंटर फॉर डिसॅबिलिटी स्टडीज' हे या साऱ्या भांडणाचे अपत्य आहे. विद्यापीठाने विषय निवडला, निधी मिळवला आणि मग अपंगांना नमुना म्हणून गोळा केले, असे इथे घडले नाही. अपंगांनीच चालवलेल्या संघटनांची एक राष्ट्रीय परिषद १९८१ पासून काम करत होती. तिला सरकारपुढे ठेवायला पुरावा हवा होता. १९९० साली तिचा संशोधन विभाग लीड्समध्ये सुरू झाला, त्याचे पुढे 'डिसॅबिलिटी रिसर्च युनिट' झाले आणि २००० साली आजचे केंद्र.

हे काम कॉलिन बार्न्स यांनी उभे केले. त्यांची स्वतःची दृष्टी अधू आणि शिक्षण विशेष शाळेत. शाळा सुटल्यावर बरीच वर्षे ते खानपान व्यवसायात होते आणि पदवीसाठी विद्यापीठात आले ते प्रौढ वयात. तरुण अपंगांना दिवसभर बसवून ठेवणारी 'डे सेंटर' हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. मदत म्हणून उभारलेली व्यवस्था धडधाकट बुद्धीच्या तरुणांना परावलंबी कसे बनवत जाते, हे त्यांनी त्यात बारकाईने नोंदवले आहे.

लीड्समधला पहिला मोठा प्रकल्प भेदभावाचा होता. ब्रिटनमध्ये वंश आणि लिंग यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध १९७०च्या दशकातच कायदे झाले होते. अपंगांसाठी तसा कायदा करावा म्हणून १९८२ पासून संसदेत खासगी विधेयके येत होती आणि पडत होती. सरकारचे ठरलेले उत्तर असे की भेदभाव सर्रास होतो याला पुरावा नाही. लोकांची मने हळूहळू बदलतील. अपंगांच्या राष्ट्रीय परिषदेने बार्न्स यांच्यावर हा पुरावा गोळा करण्याचे काम सोपवले. कामाची रीतही नवी होती. सल्लागार गटात अपंगांचे बहुमत होते. प्रश्न कोणते घ्यायचे, हे पहिले काही महिने चळवळीतल्या लोकांशी बोलून ठरवण्यात आले. लिहून झालेला मजकूर संघटनांच्या प्रतिनिधींकडे वाचायला जात असे आणि त्यांच्या शेऱ्यांसह परत येई.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाची खरी ताकद त्यातल्या साधनांत आहे. बार्न्स यांनी बरीचशी आकडेवारी सरकारच्याच अहवालांतून उचलली. शिक्षण, नोकरी, भत्ते, आरोग्यसेवा, इमारती, वाहतूक, करमणूक, राजकारण अशी एकेक दालने घेऊन, अपंग माणूस कुठे आणि कशामुळे अडतो हे त्यांनी दाखवले. नोकऱ्यांचेच पाहा. १९४४च्या कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर तीन टक्के जागा अपंगांना देण्याचे बंधन घातले होते. बहुसंख्य मालकांनी ते कधीच पाळले नाही आणि जवळजवळ अर्ध्या शतकात खटले झाले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. इथे कोणा एका मालकाच्या मनातली अढी शोधावी लागत नाही. नियम आहे, तो मोडला जातो आणि मोडणाऱ्याला कोणी विचारत नाही. भेदभाव म्हणजे ही सगळी घडी. व्यक्तींच्या पूर्वग्रहांवरून संस्थांच्या व्यवहारावर बोट सरकले, ते इथे.

पुस्तकामुळे कायदा झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. रस्त्यावर आंदोलने चालू होती. कार्यकर्ते चाकाच्या खुर्च्यांसह बसगाड्यांना अडवत होते. मे १९९४ मध्ये रॉजर बेरी या खासदाराचे नागरी हक्कांचे विधेयक सरकार पक्षाने वेळकाढूपणा करून बुडवले. त्यात मांडलेल्या दुरुस्त्या सरकारी अधिकाऱ्यांनीच तयार करून दिल्याचे उघड झाले आणि मंत्री निकोलस स्कॉट यांना सभागृहाची माफी मागावी लागली. अपंगांच्या एका संघटनेत काम करणाऱ्या त्यांच्या मुलीने, व्हिक्टोरिया स्कॉट यांनी, वडिलांनी राजीनामा द्यावा अशी जाहीर मागणी केली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, अपंगांविरुद्धचा भेदभाव रोखणारा कायदा झाला. 'पुरावा नाही' हे उत्तर देण्याची सोय तोवर उरली नव्हती. कायदा अधुरा होता. वीसपेक्षा कमी कामगार असलेले मालक त्यातून वगळले होते आणि अंमलबजावणीसाठी स्वतंत्र आयोगही नव्हता. या त्रुटींवर लीड्सचे अभ्यासक लिहीत राहिले. आयोग २००० साली आला आणि लहान मालकांची सवलत २००४ मध्ये संपली.

संशोधनातला प्रश्न किती महत्त्वाचा असतो, हे १९८०च्या दशकातल्या एका सरकारी पाहणीवरून कळते. १९८५ ते १९८८ या काळात ब्रिटनच्या जनगणना कार्यालयाने अपंगत्वाची मोठी पाहणी केली आणि ६२ लाख प्रौढ, म्हणजे सुमारे १४ टक्के, अपंग असल्याचे सांगितले. तिची प्रश्नावली घेऊन ऑलिव्हर यांनी एकेक प्रश्न उलटा करून दाखवला. वस्तू धरताना, फिरवताना तुमच्या शरीरातल्या कोणत्या दोषामुळे त्रास होतो, असे पाहणीत विचारले होते. ऑलिव्हर यांचा प्रश्न असा की बरण्या, बाटल्या, डबे यांच्या घडणीतल्या कोणत्या दोषामुळे तुम्हाला त्रास होतो? पहिला प्रश्न ऐकणारा माणूस मुलाखत संपेपर्यंत आपल्या दुखण्यांची यादी देतो आणि आपणच अडचणीचे मूळ आहोत असे मानू लागतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तो दुकान, कारखाना आणि नगरपालिका यांच्याविषयी बोलतो. अशा उत्तरावर कोणाला तरी काहीतरी करता येते.

मग अभ्यासकाचे काय? लीड्समध्ये पीएच.डी. करणाऱ्या एमा स्टोन आणि मार्क प्रीस्टली यांनी १९९६ साली हा पेच एका निबंधात मांडला. त्याच्या मथळ्यात हंट यांची बांडगुळे होतीच. जोडीला प्यादी आणि भागीदार होते. स्वतः अपंग नसलेल्या संशोधकाने हे काम कसे करावे? अपंगांच्या संघटनांच्या हाती सूत्रे दिली, तर शास्त्रीय काटेकोरपणाचे काय होईल? प्रीस्टली यांनी उत्तर कामातून शोधले. डर्बीशायरमधल्या अपंगांच्या संघटनेबरोबर अभ्यास आखून त्यांनी समाजसेवा मोजण्याचे निकषच तपासले. सेवा घेणाऱ्याच्या लेखी चांगली सेवा कोणती आणि ती विकत घेणाऱ्या प्रशासनाच्या लेखी कोणती, यांतले अंतर त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसते.

सोशल मॉडेलवर टीका बाहेरून झाली तशी घरातूनही झाली. जेनी मॉरिस, लिझ क्रो यांच्यासारख्या अपंग स्त्रियांनी विचारले की वेदना, थकवा, बळावत जाणारा आजार यांचे काय करायचे? उतार बांधला, लिफ्ट बसवली, कायदा केला, तरी रात्रभर ठणकणारा सांधा ठणकतच राहतो. त्याविषयी बोलले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, या भीतीने चळवळीने गप्प का बसावे? हे प्रश्न मांडणारा लिझ क्रो यांचा लेख १९९६ साली ज्या संग्रहात आला, त्याचे संपादक होते कॉलिन बार्न्स आणि जेफ मर्सर, आणि तो काढला होता लीड्समध्येच सुरू झालेल्या 'डिसॅबिलिटी प्रेस'ने. टॉम शेक्सपिअर काही काळ लीड्समध्येच संशोधन करत होते. २००६ साली त्यांनी सोशल मॉडेलवर अख्खे टीकात्मक पुस्तक लिहिले. वाद कडाक्याचे झाले, मनेही दुखावली. तरीही आपल्या पायाभूत विचारावरचा आक्षेप आपल्याच छापखान्यातून काढणारी संशोधनसंस्था विश्वासाला पात्र ठरते.

या छापखान्यामागे एक साधा विचार होता. विद्यापीठीय प्रकाशनांच्या महागड्या किमती बेकारीत दिवस काढणाऱ्या अपंग वाचकाला परवडत नाहीत. तेव्हा पुस्तके स्वस्त हवीत. पुढे लीड्सने 'डिसॅबिलिटी आर्काइव्ह' उभारले. 'यूपियास'ची पुस्तिका, हंट यांचा तो जळजळीत लेख, चळवळीच्या पत्रकांपासून प्रबंधांपर्यंतचे साहित्य तिथे कोणालाही फुकट वाचता येते. सांगलीतल्या किंवा नांदेडमधल्या विद्यार्थ्याला त्यासाठी शिष्यवृत्ती लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही.

लीड्सशी भारताचा आणखी थेट धागाही आहे. केंद्रातल्या कायद्याच्या प्राध्यापक ॲना लॉसन यांच्या नेतृत्वाखाली 'इन्क्लुझिव्ह पब्लिक स्पेस' हा प्रकल्प झाला. त्याला युरोपीय संशोधन परिषदेचा निधी होता आणि विषय होता रस्ता. भारत, केनिया, आयर्लंड, अमेरिका आणि ब्रिटन या पाच देशांत पादचाऱ्याला, विशेषतः अपंग पादचाऱ्याला, रस्त्यावर कशाकशाने अडते आणि त्याविरुद्ध कायदा त्याला काय देतो, याचा हा अभ्यास. पदपथावर लावलेल्या दुचाक्या, मधोमध रोवलेला विजेचा खांब, झाकण नसलेले गटार, गुडघाभर उंचीची कड यांना आपण गैरसोय म्हणून सोडून देतो. लॉसन यांच्या गटाने तोच विषय समानतेच्या हक्काचा म्हणून हाताळला.

भारताचा पहिला अपंग व्यक्ती कायदाही १९९५ सालचाच. त्याची जागा घेणारा २०१६ चा कायदा अपंग व्यक्तीची व्याख्या करताना शरीराच्या किंवा मनाच्या मर्यादेबरोबर वाटेतल्या अडथळ्यांचाही उल्लेख करतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातून हा विचार आपल्या कायद्यात आला आणि त्या करारामागे ल कोर्टसारख्या ठिकाणी सुरू झालेल्या चळवळींची पुण्याई आहे. आपली गणना मात्र अजून जुन्याच वळणाची आहे. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे २.२१ टक्के, अपंग मोजले. ब्रिटनच्या १४ टक्क्यांशी याची तुलना करताना लोकसंख्येचे वयोमान ध्यानात घ्यावे लागेल. पण प्रश्न कसा विचारला, हेही तितकेच ध्यानात घ्यावे लागेल.

महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचा अभ्यास चालतो. इतर विद्यापीठांच्या समाजशास्त्र आणि समाजकार्य विभागांतही यावर प्रबंध होतात. लीड्सची रीत इथे आणायला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या सल्लागार गटात अपंगांचे बहुमत ठेवावे. प्रश्नावली छापण्याआधी त्यांच्या संघटनांपुढे ठेवावी. अहवालाचा मसुदा मंत्रालयात जाण्यापूर्वी त्यांच्या हाती पडावा, तोही मराठीत, ब्रेलमध्ये आणि ध्वनिमुद्रित स्वरूपात. विद्यापीठाच्या संशोधन समितीने एका बैठकीत ठराव केला, तर येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू होऊ शकते.