तांबड्या रंगाचे तीन अवतार

गोव्यात डिचोलीकडे एखाद्या पडवीत वर्षानुवर्षं टेकवून ठेवलेली सायकल उजेडात आणली, की आधी रंगाचाच घोळ होतो. मडगार्ड तांबडं, चेन तांबडी, आरे तांबडे. यात धूळ किती, गंज किती? मये, शिरगाव, सुर्ला, पाळी, वेळगे हा सगळा लोहखनिजाचा पट्टा. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या. त्याआधी खनिजाच्या ट्रकांनी उडवलेली धूळ घरादारांत शिरलेलीच होती. ही धूळ आणि गंज तशी भावकीतलीच, दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. कोरडी चिंधी फिरवावी. चिंधीवर आली ती बहुतेक धूळ. बोटाला खरखरत राहिला तो गंज.

सायकल बहुधा काळी रोडस्टर असते. अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, पुढे ३२ आणि मागे ४० आरे. हा साचा इंग्लंडातला. भारतात तो सोनीपतच्या ॲटलासने आणि लुधियानाच्या हीरोने गावोगाव नेला. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. पण साचा जुना आणि सगळीकडे सारखा असल्याने एकीचे बरेचसे भाग दुसरीला चालतात. जुनी सायकल उभी करण्यात अर्थ आहे तो यामुळेच.

खरं काम हबात असतं. खनिजाची बारीक भुकटी ग्रीसमध्ये मिसळली, की तिचं पॉलिश होतं. सोन्याला चकाकी आणायला सोनार वापरतात ते ‘रूज’ही लोखंडाचं ऑक्साइडच. दागिन्याला जे उजळतं, तेच छर्ऱ्यांना आणि कोनांना झिजवतं. म्हणून इथे आधी पाणी मारू नये; धूळ चिखल होऊन आत ढकलली जाते. कोरड्या ब्रशने झाडावं, मग चाक उघडावं. छर्रे वाटीत मोजून घ्यावेत. मागच्या हबात साधारण दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, पाव इंची. रॉकेलमध्ये धुऊन पुसावेत, खड्डे पडलेला कोन बदलावा, नवं ग्रीस भरावं. पायडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं हे विसरलं, तर जोर लावून लावून ते आणखी घट्ट होतं.

पेडण्यात दुखणं वेगळं. हरमल, मांद्रे, मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात ठेवलेली किंवा केरीहून तेरेखोलला फेरीबोटीने ये-जा करणारी सायकल वरून स्वच्छही दिसेल, पण तिच्या अंगावर मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि गंजाला वेग येतो. तेव्हा इथे सुरुवात गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने. डिचोलीत जे टाळायचं, ते पेडण्यात पहिलं. त्यानंतर कोरडं पुसणं आणि तेल. सीटची नळी अडकली असेल तर हातोडी उचलू नये. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नळी आतल्या आत आवळली जाते. तेल सोडून रात्रभर थांबावं, सकाळी पिळून बघावं. क्रोमवर किरकोळ ठिपके असतील तर पाण्यात भिजवलेला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पुरतो. चाकाचा आऊट मात्र घरी काढू नये. एक आरा कसला की दुसरा सैल, हे गणित सवयीच्या हाताचं.

शेवटी रंग. सुटा गंज पॉलिश पेपरने काढला, की उघडं लोखंड दमट हवेत फार वेळ ठेवता येत नाही. त्यावर लागलीच अस्तर चढवतात ते रेड ऑक्साइडचं, म्हणजे पुन्हा तोच तांबडा रंग. पण हा अवतार वेगळा: याचं ऑक्साइड आधीच होऊन गेलेलं, आता ते आणखी कशाला गंजेल? धूळ झाडली, गंज खरवडला आणि त्यांच्याच भावाला राखणीला बसवलं. वरून काळा रंग दिला, की तो कुणाला दिसतही नाही.