बचावाची कला आणि खिलाडूवृत्ती

कबड्डीमध्ये चढाई करणाऱ्यास गुण मिळतो, तसा त्याची पकड करणाऱ्या संघासही मिळतो. खो-खोमध्ये जो अधिक वेळ पळतो, त्याचे कौतुक घड्याळच करते. फुटबॉलचा न्याय मात्र निराळा आहे. तेथे गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या मुखी होते. परंतु ज्याने गोल होऊ दिला नाही, त्याच्या श्रमांची नोंद फलकावर कोठेच होत नाही. त्यामुळे चढाई करणे हा पराक्रम आणि बचाव करणे हा भित्रेपणा, असा समज मुलांमध्ये सहज रुजतो. शालेय स्पर्धांत एखादा संघ आपल्या गोलासमोर दाटी करून उभा राहिला, की प्रेक्षक त्याची हुर्यो उडवितात. हा समज कितपत खरा आहे? बचाव हा खेळ कोठवर असतो आणि कोठून तो खेळ राहत नाही? या प्रश्नांचा आपण विचार करू.

फुटबॉलचा गोल 7.32 मीटर रुंद व 2.44 मीटर उंच असतो. एवढे मोठे द्वार एकट्या गोलरक्षकाने राखणे कठीण. म्हणून त्याच्या पुढे बचावपटूंची फळी उभी असते. चांगला बचावपटू प्रथम एक गोष्ट शिकतो : प्रतिस्पर्धी आणि आपला गोल यांच्या मध्ये उभे राहावयाचे. दुसरी गोष्ट म्हणजे धीर. चेंडू घेऊन येणाऱ्यावर तो एकदम झेप घेत नाही. कारण झेप चुकली, की मागे वाट मोकळी होते. तो पावलापावलाने मागे सरतो, प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या कडेकडे वळवितो आणि आपल्या सोबत्यांना परत येण्यास अवधी मिळवून देतो. तिसरी गोष्ट पाठराखणीची. एक खेळाडू चेंडूला सामोरा गेला, की दुसरा थोडा मागे व थोडा बाजूला उभा राहतो. पहिला चकला, तर दुसरा सज्ज असतो. गड लढविताना एका बुरुजावरील शिपायाने दुसऱ्या बुरुजावर नजर ठेवावी, तसाच हा प्रकार. यात धावण्यापेक्षा विचार अधिक, आणि बळापेक्षा एकजूट अधिक लागते. मग याला भित्रेपणा कसे म्हणता येईल?

प्रतिस्पर्ध्याच्या पायातील चेंडू काढून घेणे, हे बचावाचे सर्वांत अवघड अंग होय. येथेच कौशल्य आणि दांडगाई यांच्यातील सीमारेषा येते. नियमांनी ही रेषा तीन पायऱ्यांनी दाखविली आहे. निष्काळजीपणाने धक्का दिला, तर प्रतिपक्षास फ्री किक मिळते. दुसऱ्याला इजा होईल याची पर्वा न करता अंगावर गेल्यास पंच पिवळे कार्ड दाखवितात. अवाजवी बळ वापरून दुसऱ्याला धोक्यात घातले, तर लाल कार्ड मिळते व मैदान सोडावे लागते. विश्वचषक स्पर्धेत ही कार्डे प्रथम 1970 साली मेक्सिकोमध्ये वापरली गेली. चेंडूवर डोळा ठेवणारा बचावपटू आणि प्रतिस्पर्ध्याच्या पायावर डोळा ठेवणारा बचावपटू यांच्यातील भेद पंचाला दिसतो. परंतु त्याआधी तो ज्याचा त्याला ठाऊक असतो.

आता स्पर्धेचा हिशेब पाहू. आपल्या देशात 1960 सालापासून शाळांसाठी सुब्रतो चषक स्पर्धा खेळविली जाते. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे नाव तिला दिलेले आहे. अशा मोठ्या स्पर्धांमध्ये लहान गावची शाळा आणि नामांकित क्रीडाशाळा एकमेकींसमोर येऊ शकतात. साखळी सामन्यांत विजयाला 3 गुण व बरोबरीला 1 गुण देण्याची पद्धत आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले, तर केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांतील फरक बहुधा मोजला जातो. म्हणून दुर्बळ संघाने दहाही खेळाडू मागे आणून बरोबरीसाठी झुंजणे, किंवा चार गोलांनी मागे पडल्यावरही पाचवा गोल होऊ नये म्हणून शर्थ करणे, यात अखिलाडूपणा मुळीच नाही.

2017 साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. नवी मुंबई व मडगाव येथेही तिचे सामने झाले. दिल्लीच्या मैदानावर भारताची गाठ कोलंबियाशी पडली. प्रतिपक्ष बलाढ्य होता. आपल्या मुलांनी पूर्वार्धात एकही गोल होऊ दिला नाही. उत्तरार्धात एक गोल झाला, तरी त्यांनी धीर सोडला नाही. 82व्या मिनिटाला कॉर्नर किकवर जॅक्सन सिंग याने डोक्याने चेंडू गोलात धाडला. विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भारताने केलेला हा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला आणि भारत 1–2 असा हरला. तथापि तो सामना आपण पराभव म्हणून आठवत नाही. बचाव चिवट राहिला, म्हणूनच त्या एका गोलाला अर्थ आला.

मग खेळ कोठे संपतो? जेथे खेळण्याची इच्छाच संपते, तेथे. पूर्वी आघाडीवर असलेला संघ चेंडू पुनःपुन्हा आपल्या गोलरक्षकाकडे मागे मारी, आणि गोलरक्षक तो हातांत घेऊन वेळ काढी. 1990च्या विश्वचषकातील रटाळ सामन्यांनंतर नियम बदलणे भाग पडले. 1992 पासून सोबत्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येत नाही. 2025 पासून तर गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातांत धरून ठेवला, तर प्रतिपक्षाला कॉर्नर किक मिळते.

परंतु सर्वच गोष्टी नियमांच्या चिमटीत सापडत नाहीत. 25 जून 1982 रोजी स्पेनमधील गिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा विश्वचषकातील सामना झाला. त्यांच्या गटातील अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनीने एका किंवा दोन गोलांनी विजय मिळविला, तर जर्मनी व ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे दोन्ही संघांना माहीत होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला. त्यानंतर दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलीत वेळ घालवू लागले. प्रेक्षक संतापले. अल्जीरियाने तक्रार केली; पण एकही नियम मोडला गेला नव्हता. निकाल 1–0 असाच राहिला. पुढे 1986च्या विश्वचषकापासून गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळविण्याची पद्धत सुरू झाली.

येथे भारतीय मुलांचा बचाव आणि गिहोनचा सामना शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे चेंडू गोलापासून दूर ठेवला जात होता. पण एकीकडे प्रतिपक्षाशी सर्व शक्तीनिशी झुंज होती. दुसरीकडे झुंजच नव्हती. नियमपुस्तकाने दुसऱ्यांना दोषी ठरविले नाही, तरी लोकांनी तो सामना आजवर विसरलेला नाही.

तुम्ही उद्या शाळेच्या संघातून मैदानावर उतराल, तेव्हा बचाव अवश्य करा, आणि तो मन लावून करा. चेंडू मैदानाबाहेर मारावा लागला, तर मारा; पण लागले नसताना लागल्याचे सोंग करून लोळू नका. प्रतिस्पर्धी पडला, तर हात देऊन उठवा. पंचांचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला, तरी तो मान्य करा. आणि सामना संपल्यावर गोल करणाऱ्याची पाठ थोपटाल, तेव्हा ज्याने गोल वाचविला, त्यालाही शोधून काढा. त्याचे नाव फलकावर नसते. म्हणून ते आपण लक्षात ठेवावयाचे असते.