वंगणाचा हिशेब

आमच्या आजोबांच्या बैलगाडीला साटीखाली वंगणाचे एक नळकांडे टांगलेले असे. आस कोरडा पडला की चाक करकरू लागे. मग आजोबा गाडी थांबवीत, चाक सैल करून आसाला वंगण घालीत आणि मगच पुढे निघत. गाडी आपल्या तोंडाने तेल मागून घेई. आज त्याच दारात पिकअप गाडी उभी असते. बैलांना न ओढवणारे ओझे ती घाटापलीकडे नेते. पण तिचे इंजिन तेलासाठी करकरत नाही. ते मुकाट्याने सोसते, आणि ज्या दिवशी बोलते त्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. बेळगावची भाजी गोव्याच्या बाजारात जाते, हे या भागातल्या वाचकांना सांगावयास नको. आमचे थोरले बंधू पहाटे कोबी, फ्लॉवर, मिरची भरून निघतात; जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असे करीत म्हापसा गाठतात आणि नारळाची पोती घेऊन तोच घाट पुन्हा चढतात. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि आठवड्यातून पाच फेऱ्या. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात धंदा जोरात होता. मेअखेरीस इंजिनातले तेल बदलले होते. पुढे ‘गणपती होऊ देत, मग बघू’ असे आम्ही सर्वांनीच ठरविले. गणपती आले तेव्हा त्या तेलावर गाडी पंधरा हजार किलोमीटर चालून गेली होती.

केरीहून घाट चढताना समोरच्या फळीवरचा तेलदाणीच्या चित्राचा लाल दिवा लागला. पाऊस कोसळत होता, रस्ता अरुंद होता. ‘वरच्या वळणावर जागा आहे, तिथवर नेऊ’ असे बंधूंना वाटले. ते वळण आलेच नाही. आतून खडखडाट झाला आणि इंजिन जागीच बसले. गॅरेजमध्ये खालचे ऑइल चेंबर उघडून मेस्त्रींनी बोटावर काळा चिखल घेतला आणि म्हणाले, “दादा, हे तेल न्हवं, डांबर झालंय.” तेल ओढून घेणाऱ्या पंपाची जाळी त्या चिखलाने बुजली होती, आणि क्रँकची बेअरिंग्ज कोरडी पडून जळाली होती. इंजिनचे पुरे काम काढावे लागले. धाकट्या कन्येच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी बाजूस ठेवलेली रक्कम त्यात गेली, आणि गाडी उभी राहिली ते दिवस निराळेच.

इंजिनातले तेल केवळ गुळगुळीतपणासाठी असते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते पाच कामे करते. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ पडदा धरून ठेवणे, पिस्टनची उष्णता वाहून नेणे, काजळी धुऊन आपल्यात तरंगत ठेवणे, पिस्टनच्या कड्यांभोवतीची फट भरून काढणे आणि गंज व आम्ल यांपासून धातूचे रक्षण करणे. यासाठी तेलात निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. तेल संपत नसले तरी ही द्रव्ये संपतात. उष्णतेने तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून दाट होत जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की ही क्रिया सुमारे दुपटीने होते, असा रसायनशास्त्राचा ठोकताळा आहे. घाट, ओझे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची चढण तेलाचे आयुष्य का खाते, ते यावरून ध्यानात येईल.

मग तेल किती दिवसांनी बदलावे? आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते’ असे छापलेले होते. तो आकडा आम्हांला तोंडपाठ होता, आणि तोही आम्ही पाळला नाही ही गोष्ट वेगळी. पण त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. सततचे ओझे, डोंगराळ रस्ता, धूळ किंवा थांबत-थांबत चालणे असेल तर मुदत निम्मी धरावी. ती ओळ आम्ही पहिल्यांदा वाचली ती गॅरेजमधल्या बाकावर बसून. आमची गाडी पहिल्या दिवसापासून त्या बारीक अक्षरांतलीच होती! पाच हजार किलोमीटर म्हणजे आमच्या हिशेबाने जेमतेम साडेचार आठवडे.

याच्या उलट उदाहरण आमच्या इंदूरच्या मावसबंधूंचे. त्यांची पिकअप मंडपाचे सामान आणि स्वयंपाकाची मोठी भांडी वाहते. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचे, दोन-तीन किलोमीटर चालून थांबायचे. वर्षाकाठी पाच हजारही भरत नाहीत. म्हणून त्यांनी दोन वर्षे तेलाला हात लावला नाही. परंतु अशा छोट्या खेपांत इंजिन पुरते तापतच नाही. थंड इंजिनात न जळलेले डिझेल आणि बाष्पाचे पाणी तेलात उतरते, आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही. त्यांच्या गाडीला नियम किलोमीटरचा नव्हे, वर्षाचा लागू होता. गाडी उभी ठेवून नुसते इंजिन चालू ठेवण्याचेही असेच आहे. किलोमीटरचा आकडा हलत नाही. पण असा एक तास म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर धरावेत, असा एक हिशेब आहे.

म्हणून ‘किती किलोमीटरला?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पूर्वी तीन हजार मैलांचा, म्हणजे सुमारे पाच हजार किलोमीटरचा, नियम सर्रास सांगितला जाई. आजची तेले आणि इंजिने त्याहून सरस आहेत. समतल हमरस्त्यावर बेताच्या ओझ्याने धावणाऱ्या गाडीचे तेल त्या जुन्या धाकाने बदलणे म्हणजे चांगले तेल ओतून देणे होय. आधी पुस्तिकेतला आकडा पाहावा, मग आपली गाडी मोठ्या अक्षरांतली की बारीक अक्षरांतली, हे प्रामाणिकपणे ठरवावे.

तेलाचा डबा घेताना त्यावरची अक्षरेही वाचावीत. १५डब्ल्यू-४० यातील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला दाटपणा. सीआय-४, सीके-४ यांसारखी ‘सी’ने सुरू होणारी प्रत डिझेल इंजिनांची, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारे तेलच चालते. अशा गाडीत डिपस्टिकवर तेलाची पातळी चढताना दिसली तर आनंद मानू नये. डिझेल तेलात मिसळत असल्याचे ते लक्षण असू शकते.

डिझेल इंजिनातले तेल थोड्याच दिवसांत काळे होते, त्याने घाबरू नये. काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच आहे. दुधाळ दिसले तर मात्र पाणी शिरले असे समजून गाडी मेस्त्रींकडे न्यावी. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी पाहावी. तेल इंजिन कोमट असताना काढावे आणि फिल्टर प्रत्येक वेळी नवा घालावा. लाल दिवा लागला तर ‘वरचे वळण’ नाही. तिथल्या तिथे इंजिन बंद करावे. काढलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासविते. ते झाकणबंद डब्यात साठवून गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाऊ द्यावे.

आता आमच्या घरी तेलाचा हिशेब वहिनींकडे आहे. दुधाच्या आणि वाण्याच्या वहीत त्यांनी शेवटचे पान गाडीसाठी आखून घेतले आहे. तारीख, किलोमीटर, तेलाची प्रत, फिल्टर आणि पुढचा आकडा. रात्री बंधू जेवायला बसले की वहिनी विचारतात, “काटा कुठवर आला?” पहिले काही दिवस बंधूंना हा जाच वाटला. आता तेच वाढण्यापूर्वी आकडा सांगतात. वर्षभराच्या तेलाचा आणि फिल्टरचा खर्च त्या एका दुरुस्तीच्या पासंगालाही पुरत नाही, हे त्याच वहीत मांडलेले आहे. कन्येचे शुल्क पुढच्या वर्षी भरले गेले. मधले वर्ष तिने घरी काढले, ते मात्र कोणत्याही वहीत जमेला धरता येत नाही.

बैलगाडी करकरून मागत असे. ही गाडी मागत नाही. म्हणून घरातल्या कोणीतरी रोज विचारावे लागते.