गवतामागचा वाघ

कान्हाचे मुक्की फाटक आपल्याच जिल्ह्यात, बैहरच्या पुढे. त्यामुळे बालाघाटात पुष्कळ घरांत वाघाचा एखादा फोटो असतो, आणि त्यात बहुधा वाघापेक्षा गवतच जास्त असते. "सर, हे पुढचे गवत कॉम्प्युटरवर पुसता येईल का हो?" असे कॉलेजातली मुले मला विचारतात. येते की! पण पुसण्या-पुसण्यातही फरक आहे.

बसमधून जाताना रस्त्याकडेची झाडे भराभर मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र जागचा हलत नाही. कॅमेरा किंचित सरकवत चार-पाच फोटो घेतले तर तेच घडते. जवळचे पाते दर फोटोत वेगळ्या जागी जाते, वाघ जवळपास तिथेच राहतो. एका फोटोत झाकलेला पट्टा दुसऱ्यात उघडा सापडतो. संगणक या दोन हालचाली ओळखून पुढचा थर वेगळा काढतो. २०१५ साली एमआयटी आणि गूगलच्या संशोधकांनी याच युक्तीने फोटोतली जाळी आणि काचेवरचे प्रतिबिंब दूर करून दाखवले. अर्थात वाघच चालू लागला तर हिशेब बिघडतो, आणि वाघ आपल्यासाठी थोडाच थांबणार!

हल्ली मोबाइलमध्ये मिळते ती सोय निराळी. तिच्याजवळ एकच फोटो असतो. आजूबाजूचे रंग आणि पूर्वी पाहिलेली असंख्य चित्रे यांच्या आधारे ती मोकळी जागा अंदाजाने भरते. चित्र झकास दिसते, पण तो पट्टा वाघाचा नसतो. आणि पट्टे म्हणजे वाघाचा अंगठ्याचा ठसा. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एकाच वाघाची डावी-उजवी कूसही सारखी नसते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्या फोटोंतल्या पट्ट्यांवरून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखले गेले. तिथे एक बनावट पट्टा म्हणजे एक खोटा वाघ.

म्हणून मी मुलांना आधी ते पाते नीट पाहायला सांगतो. मोठ्या लेन्सने काढलेल्या फोटोत अगदी जवळचे पाते धुक्यासारखे पसरते. ते लेन्सच्या तोंडापेक्षा अरुंद असल्याने त्याच्या दोन्ही कडांनी वाघाकडचा प्रकाश आत आलेला असतो. तेवढ्या भागाचा कॉन्ट्रास्ट वाढवला की पुष्कळदा खरेच पट्टे वर येतात, पुसायची गरजच पडत नाही.

बैठकीत लावायच्या फोटोतले गवत खुशाल पुसा. वनखात्याला किंवा अभ्यासकाला द्यायचा असेल, तर मात्र मूळ फोटो गवतासकट द्यावा.